खाण्यावर लिहायचंय? आधी किती, कोणाला आणि कशाऐवजी ते ठरवा

नागपुरात आहारावर लिहायला विषयांचा तोटा नाही. सकाळी तर्री पोहे, रविवारी सावजी, उन्हाळ्यात पन्हं, हिवाळ्यात संत्री, आणि वर्षभर कोणीतरी कोणाला तरी सांगत असतं की हे खाऊ नका, ते खा. म्हणून या विषयावर लिहायला येणाऱ्यांची रांगही मोठी आहे. गृहविज्ञानाच्या विद्यार्थिनी असतात, पुरवणीत नव्याने लागलेली मुलं असतात, निवृत्तीनंतर लिहायला लागलेले काका असतात. हा लेख त्यांच्यासाठी.

राजकारणावरचा लेख चुकला तर वाचक दोन शिव्या घालून मोकळा होतो. आहारावरचा लेख चुकला तर तो संध्याकाळी ताटात उतरतो. कोणी गोळी बंद करतं, कोणी लेकराला मध चाटवतं. तेव्हा उचलली जीभ लावली टाळ्याला हा प्रकार इथे चालत नाही.

१. विषय नको, दावा लिहा

नवीन लेखक "जवसाचे फायदे" असं काहीतरी घेऊन येतात. हा विषय झाला. दावा म्हणजे खरा किंवा खोटा ठरू शकेल असं एक वाक्य. तो कागदावर उतरवा: "जवसाची चटणी खाल्ली की कोलेस्टेरॉल उतरतं." आता त्याला तीन प्रश्न विचारा. किती खाल्लं तर? कोणाचं उतरतं? आणि ताटातल्या कशाऐवजी खाल्लं तर?

किती? ज्या चाचण्यांमधून हा दावा आला त्यांत बहुतेक ठिकाणी दिवसाला ३० ग्रॅमच्या आसपास दळलेलं जवस, तेही कित्येक आठवडे सलग दिलं होतं. आपण भाकरीसोबत चमचा-दीड चमचा चटणी घेतो. त्यात लसूण, तिखट आणि मीठही आलं, आणि ती रोज होतेच असं नाही. कोणाला? ज्यांचं कोलेस्टेरॉल आधीच वाढलेलं आहे त्यांच्यात परिणाम जास्त दिसला, बाकीच्यांत कमी. कशाऐवजी? नेहमीच्या जेवणावर चटणी आणि तिच्यावर तेलाची धार, असं झालं तर ताटात उष्मांकांची भरच पडली. शेव किंवा पाकिटातल्या लोणच्याच्या जागी ती आली तर गोष्ट वेगळी.

मग वाक्य असं होतं: "रोज तीन-चार मोठे चमचे दळलेलं जवस काही आठवडे घेतल्यावर वाढलेलं कोलेस्टेरॉल थोडं कमी झाल्याचं चाचण्यांत दिसलं आहे, जेवणातली चमचाभर चटणी त्या मापाची नाही, आणि ती गोळीची जागा घेत नाही." आधीच्या वाक्याइतकं खमंग नाही हे खरं. पण छापायचं ते हेच.

जाता जाता, जवसातलं ओमेगा-३ आणि माशांतलं ओमेगा-३ एकच नव्हे. जवसात अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं, आणि त्याचं माशांतल्या प्रकारांत रूपांतर शरीर फार थोड्या प्रमाणात करतं. "मासे न खाणाऱ्यांना जवस म्हणजे मासेच" हे वाक्य दर हिवाळ्यात येतं, दर हिवाळ्यात कापावं लागतं.

२. आकडा कोणत्या तक्त्यातला, ते पाहा

भारतीय पदार्थांचे आकडे भारतीय तक्त्यातूनच घ्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये 'इंडियन फूड कॉम्पोझिशन टेबल्स' प्रसिद्ध केले. त्यात देशभरातून नमुने गोळा करून तपासलेल्या ५२८ खाद्यपदार्थांची माहिती आहे. मोबाइलवरची बरीच अ‍ॅप अमेरिकी आकडे घेऊन त्यावर मराठी नावं चिकटवतात. तिथलं दूध, तिथले हरभरे, तिथलं पीठ आपल्यासारखं असेलच असं नाही.

पोह्यांचं उदाहरण घ्या, कारण नागपुरात पोह्यांवर लेख लिहिल्याशिवाय कोणाची उमेदवारी पुरी होत नाही. "पोह्यांत भरपूर लोह असतं, १०० ग्रॅममध्ये २० मिलिग्रॅम" हे वाक्य तुम्ही वाचलंच असेल. ते कोणी हवेतून काढलेलं नाही. त्याच संस्थेच्या जुन्या पुस्तकात तसा आकडा होता आणि पिढ्यान् पिढ्या तो उतरवला गेला. २०१७ च्या तक्त्यात मात्र पोह्यांतलं लोह १०० ग्रॅमला साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास आहे. चौथ्या हिश्शाहूनही कमी.

आता गाडीवरची प्लेट डोळ्यासमोर आणा. त्यात कोरडे पोहे असतील ५०-६० ग्रॅम, म्हणजे लोह अडीच मिलिग्रॅमच्या घरात. वर तर्री आणि तर्रीतले हरभरे, त्यांचं थोडं. बाईमाणसाची दिवसाची शिफारस २९ मिलिग्रॅमची आहे, पुरुषाची १९ ची. शिवाय वनस्पतीजन्य लोहातलं शरीरात शोषलं जातं ते थोडंच. लिंबू पिळलं तर शोषण वाढतं, आणि पोह्यांवर लगेच कडक चहा मारला तर घटतं. नागपुरात दोन्ही होतं, बहुतेकदा त्याच पाच मिनिटांत. लेखात द्यायची ती ही माहिती: पोहे वाईट नाहीत, पण लोहासाठी त्यांच्या भरवशावर राहू नका, लिंबू मागून घ्या आणि चहा तासाभराने घ्या.

या तक्त्यात एक खाच आहे आणि नवखा माणूस तिच्यात हमखास पडतो. ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे. पांढऱ्या तांदळासमोर १,४९१ दिसतं आणि लेखात "१०० ग्रॅम तांदळात जवळजवळ दीड हजार कॅलरी" असं छापून येतं. ४.१८४ ने भागा, ३५६ येतील.

दुसरी खाच कच्च्या-शिजलेल्याची. तुरीच्या डाळीत १०० ग्रॅमला २२ ग्रॅमच्या जवळपास प्रथिनं, हे कोरड्या डाळीचं माप. वाटीभर वरणात डाळ जाते २५-३० ग्रॅम, बाकी पाणी. म्हणजे वाटीत प्रथिनं सहा ग्रॅम, आणि खानावळीचं वरण असेल तर त्याहून कमी. ६० किलो वजनाच्या निरोगी माणसाला रोज ५० ग्रॅम प्रथिनं लागतात (किलोमागे ०.८३ ग्रॅम, २०२० ची शिफारस). "दोन वाट्या वरण घेतलं की प्रथिनांची चिंता मिटली" असं लिहिणाऱ्याने एकदा घरची डाळ शिजण्याआधी वजनकाट्यावर ठेवून पाहावी. प्रत्येक आकड्यापुढे "कच्चं" की "शिजलेलं" हे लिहिलंच पाहिजे. याला सूट नाही.

३. एकच डाळ, चार मथळे

लाखोळीवर, म्हणजे लाख किंवा खेसारी या डाळीवर, लिहिण्याआधी कोणी आपल्याला आहारलेखक म्हणवून घेऊ नये असं माझं मत आहे. विदर्भातल्या माणसाला तर हा विषय टाळताच येत नाही.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली भागात उभ्या धानात लाखोळी फेकतात. धान कापलं की उरलेल्या ओलीवर ती वाढते. पाणी नको, खत नको, दुष्काळातही हाताला लागते. आणि हीच तिची अडचण झाली. बाकी पिकं बुडाली की गरिबाच्या ताटात महिनोन्‌महिने लाखोळीच उरायची. तिच्यात ओडॅप नावाचं द्रव्य असतं. ते दीर्घकाळ, मोठ्या प्रमाणात पोटात गेलं तर पाय ताठ होतात, चालणं अडखळतं, आणि गेलेली ताकद परत येत नाही. हा लॅथिरिझम. १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. ती उठावी म्हणून पुढे नागपुरातूनच वर्षानुवर्षं आंदोलनं झाली, डॉ. शांतीलाल कोठारी यांची उपोषणं जुन्या वाचकांना आठवत असतील. दरम्यान कृषी संशोधकांनी रतन, प्रतीक, महातिवडा असे कमी ओडॅप असलेले वाण काढले.

आता मथळे पाहा. "लाखोळी विषारी", "लाखोळी निर्दोष", "लाखोळी: गरिबाचं प्रोटीन", "बंदीमागे कारस्थान". चारही मथळ्यांना लेख मिळेल, चारही लेखांत एखादा खरा आकडा सापडेल. पण शेतकऱ्याच्या घरी आठवड्यातून एकदा, भिजवून पाणी फेकून, भातासोबत इतर डाळींच्या जोडीने खाल्लेली लाखोळी आणि दुष्काळात तीन महिने दोन वेळा निव्वळ लाखोळीची भाकरी, या दोन गोष्टींना एकच विशेषण लावता येत नाही. किती आणि कशाऐवजी हे प्रश्न इथे नुसते नीटनेटकेपणाचे राहत नाहीत, माणूस चालेल की नाही ते त्यांवर ठरतं. लाखोळीवर लिहाल तेव्हा प्रमाण, कालावधी, वाण, शिजवण्याची रीत आणि सोबतचं जेवण या पाचही गोष्टी लेखात असायला हव्यात. एखादीची माहिती मिळाली नाही तर लेख थांबवा.

नागपूरचंच आणखी एक प्रकरण. इथल्या अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंटने आयोडीनयुक्त मिठाच्या सक्तीला आव्हान दिलं आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम अवैध ठरवला. अनेकांनी याचा अर्थ "आयोडीन मीठ कोर्टाने नाकारलं" असा काढला. न्यायालयाने तपासलं ते हे की त्या कायद्याखाली असा नियम करता येतो का. आयोडीनअभावी गलगंड होतो, गर्भातल्या मुलाच्या मेंदूची वाढ खुंटते, हे विज्ञान त्या निकालाने बदललं नाही. सक्ती पुढे अन्नसुरक्षा कायद्याखालच्या नियमांत आलीच. न्यायालयाचा निकाल, सरकारी बंदी आणि वैद्यकीय पुरावा यांचं एकमेकांत मिश्रण करू नका.

४. संशोधनाची बातमी नको, संशोधन वाचा

मूळ निबंध उघडा. पूर्ण मिळाला नाही तर सारांश तरी वाचा. आधी पाहा की प्रयोग माणसांवर होता की उंदरांवर, की काचेच्या बशीतल्या पेशींवर. मग किती माणसं, किती दिवस, आणि तुलनेला दुसरा गट होता का. पैसे कोणी दिले ते निबंधाच्या शेवटी बारीक अक्षरात असतं, तिथवर जा. १९६७ मध्ये साखर आणि हृदयविकारावरचा एक आढावा अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्यासाठी साखर उद्योगाच्या संघटनेने पैसे दिले होते हे जगाला २०१६ मध्ये कळलं.

नियतकालिकाचं नाव इंग्रजी आणि भारदस्त आहे म्हणून भुलू नका. २०१५ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम एक कच्चा प्रयोग केला: १५ माणसं, तीन आठवडे, १८ वेगवेगळी मोजमापं. इतकी मोजमापं घेतली की काहीतरी योगायोगाने जुळतंच. "चॉकलेटने वजन लवकर उतरतं" असा निबंध पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकात आला आणि देशोदेशीच्या वर्तमानपत्रांनी तो पहिल्या पानापर्यंत नेला. माणसं किती होती, एवढंही बहुतेकांनी विचारलं नाही.

चांगलं संशोधनही दुरुस्त होतं. भूमध्यसागरी आहारावरचा प्रेडिमेड हा स्पेनमधला मोठा अभ्यास २०१३ मध्ये आला. पुढे कळलं की काही ठिकाणी लोकांना गटांत वाटताना चिठ्ठी टाकण्याचा नियम पाळला गेला नव्हता. २०१८ मध्ये निबंध मागे घेऊन दुरुस्त स्वरूपात पुन्हा छापला गेला, दावा जरा सावध भाषेत. तेव्हा २०१३ चा निबंध हाती आला तर आधी तो अजून उभा आहे का ते बघा. आणि संगणकाच्या चॅटबॉटने संदर्भ दिला असेल तर त्याचा डीओआय (निबंधाचा कायमचा ओळख क्रमांक) टाकून निबंध खरोखर उघडतो का ते पाहिल्याशिवाय एक ओळही लिहू नका. अस्तित्वात नसलेले निबंध अगदी ऐटीत सांगितले जातात.

टक्केवारीचा घोळ वेगळाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सांगितलं की रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. हे वाचून "शंभरातल्या अठरांना कर्करोग" असं लिहिणारे भेटतात. समजा एखाद्या समाजात आयुष्यभरात १०० पैकी ५ जणांना हा आजार होतो. १८ टक्के वाढ म्हणजे ५ चे जवळपास ६. एकाची वाढ. लहान नाही, पण अठराही नाही. आणि तो आकडा सॉसेज, बेकन, सलामीचा आहे. सावजीच्या मटणाला तो लावता येत नाही. मटण लाल मांसात येतं आणि त्याबद्दलचा पुरावा त्या संस्थेनेच एक पायरी खाली ठेवला आहे. सावजीबद्दल बोलायचंच तर तेल, मीठ आणि किती वेळा खाता यावर बोला. तिथे सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

५. कोणाला विचारायचं

विषयातला माणूस शोधा, ओळखीतला नव्हे. अस्थिरोगतज्ज्ञ थोर असेल, पण लहान मुलांच्या आहारावर तो तुमचा तज्ज्ञ नाही. आहारतज्ज्ञ म्हणवणाऱ्यांची पदवी विचारायला लाजू नका: अन्न व पोषणातली पदवी, पदव्युत्तर शिक्षण, रुग्णालयातला अनुभव. तीन महिन्यांचं ऑनलाइन प्रमाणपत्र लावून सल्ला देणारे प्रत्येक चौकात आहेत. समाजमाध्यमांवर आरोग्यसल्ला देणाऱ्यांनी आपली पात्रता उघड करावी असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२३ मध्येच सांगितलं आहे. छापील लेखात तरी आपण त्याहून ढिले नको.

किमान दोघांशी बोला, आणि दुसरा पहिल्याचा विद्यार्थी किंवा भागीदार नसावा. डॉक्टरांचं वाक्य लिहिल्यावर त्यातली तथ्यं त्यांना फोनवर वाचून दाखवा. अख्खा लेख पाठवू नका, नाहीतर तो त्यांच्या दवाखान्याची जाहिरात होऊन परत येतो.

६. "हे कोणी करू नये" ही चौकट आधी लिहा

लेख संपल्यावर खाली बारीक अक्षरात "डॉक्टरांचा सल्ला घ्या" टाकून कोणाचंच भलं होत नाही. ज्याला ते वाक्य लागू आहे त्याला ते आपल्यासाठी आहे हेच कळत नाही. आजाराचं नाव घेऊन लिहा.

विदर्भात सगळ्यात वर सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हा आकडा घेऊन "पालक, गूळ, खजूर खा आणि लोहाच्या गोळ्या सुरू करा" असा लेख झटकन तयार होतो. पण रक्तक्षय म्हणजे नेहमीच लोहाची कमतरता नव्हे. सिकलसेल आणि थॅलेसेमियात तांबड्या पेशींचीच रचना किंवा घडण बिघडलेली असते. वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्या रुग्णाच्या शरीरात तर लोह आधीच साचलेलं असतं, आणि जास्तीचं लोह यकृताला व हृदयाला घातक ठरतं. आपल्या वाचकांत असे रुग्ण आहेत, त्यांच्या घरचे आहेत. म्हणून नागपुरात रक्तक्षयावर लिहिताना "आधी तपासणी, त्यात सिकलसेलचीही" हे वाक्य पहिल्या परिच्छेदात हवं.

मूत्रपिंडाचा रुग्ण जास्त प्रथिनं, नारळपाणी आणि संत्र्याचा रस यांवरचे लेख वाचून अडचणीत येतो. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन घेणाऱ्याने पालेभाज्या अचानक वाढवल्या तर औषधाचा तोल जातो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने एकादशी, नवरात्र वा रोजा औषधाची मात्रा बदलून न घेता धरला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही, कितीही शुद्ध असला तरी; बॉट्युलिझमचा धोका असतो.

आणि दुधीचा रस. सकाळी बागेबाहेर फिरायला येणाऱ्यांसाठी कडू-गोड रसांच्या गाड्या लागतात, त्यांवर कौतुकाचे लेख येतात. दुधी एरवी निरुपद्रवी आहे, पण एखादा कडू निघतो आणि त्यात कुकुरबिटासिन हे विषारी द्रव्य असतं. कडू रस पिऊन रक्ताच्या उलट्या झाल्याच्या आणि माणसं दगावल्याच्या घटनांनंतर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) तज्ज्ञ समितीने सांगितलं की रस काढण्याआधी फोड चाखा, कडू लागली तर दुधी फेका. "कडू तेवढं गुणकारी" या समजुतीवर वाढलेल्या वाचकाला हे ठळक अक्षरात सांगावं लागतं. त्यात कारल्याचा रस मिसळला तर कडवटपणा कशाचा हेच कळत नाही, तेही लिहा.

७. परंपरेशी कसं वागायचं

थट्टा करू नका आणि विज्ञानाचा कोटही चढवू नका. "आंब्याने उष्णता होते असं आपल्याकडे मानतात" हे प्रामाणिक वाक्य आहे. "आंबा शरीराचं तापमान वाढवतो हे सिद्ध झालं आहे" हे नाही.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की खिशातल्या कांद्यावर लेख येतो. खिशात कांदा ठेवण्याने नुकसान काही नाही, पण त्या भरवशावर कोणी दुपारी दोनला डोक्यावर दुपट्टा न घेता बाहेर पडला तर आहे. तेव्हा कांद्याची गोष्ट सांगा, पण पाणी, सावली, आणि ताप चढून माणूस बरळायला लागला तर लगेच रुग्णालय, हे त्याआधी सांगा. पन्ह्याबद्दल लिहिताना साखर आणि मीठ चमच्यांत द्या. ते ओआरएस नव्हे हेही लिहा. ओआरएसचं प्रमाण ठरलेलं असतं: जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. गोड पेयांच्या खोक्यांवर ओआरएस छापून विकलं जाई. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) तसं नाव वापरायला मनाई केली.

८. पैसा, पाकीट आणि फुकटचं जेवण

मोफत आलेला प्रोटीन पावडरचा डबा, उपाहारगृहाचं आमंत्रण, कंपनीने केलेली राहण्याची सोय: घेतलं असेल तर लेखात, वरच्या भागात, सरळ मराठीत लिहा. "सहकार्याने" असल्या गुळगुळीत शब्दांनी ताकाला जाऊन भांडं लपवू नका. दोन कायदे माहीत असू द्या. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने मधुमेह, लठ्ठपणा, रक्तदाब, कर्करोग बरा करण्याच्या जाहिराती करता येत नाहीत. जाहिरातदाराने लिहून दिलेला मजकूर लेख म्हणून छापला तरी जबाबदारी झटकता येत नाही. आणि १९९२ च्या शिशुदुग्ध पर्याय कायद्याने दोन वर्षांखालच्या बाळांच्या डबाबंद आहाराची जाहिरात करायला मनाई आहे.

९. शब्द

अमृत, विष, रामबाण, चमत्कारी, सुपरफूड, डिटॉक्स: कापा. डिटॉक्स यकृत आणि मूत्रपिंड रोज करतातच, फी न घेता. "सिद्ध झालं" ऐवजी "दिसलं", "मुळे" ऐवजी "सोबत आढळलं", जिथे पुरावा तेवढाच आहे तिथे. मथळा लेखापेक्षा मोठ्या आवाजात बोलत असेल तर मथळा बदला. बरेच वाचक तेवढाच वाचतात.

लोकांच्या ताटाबद्दल तुच्छतेने लिहू नका. कोष्टी वस्तीतली सावजी भोजनालयं, मोमिनपुऱ्यातली रमजानची रात्र, दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला चालणारी भोजनदानं, घरातला वडाभात, यांत माणसांचा इतिहास आहे. तेल कमी करा हे सांगता येतं; "असलं खाणं" म्हणायची गरज नाही. आणि नागपूरच्या बुधवारी बाजारात मिळेल ते सुचवा. अंबाडी, चवळाई, शेवग्याचा पाला, फल्लीदाणे, लाल भोपळा सोडून क्विनोआ सांगणारा लेख ज्याला गरज आहे त्याच्यासाठी लिहिलेलाच नसतो. वजनाबद्दल लिहिताना लाज वाटेल अशी "आधी-नंतर" छायाचित्रं नकोत, उपाशी राहण्याचं कौतुकही नको. किशोरवयीन मुली हे सगळं वाचत असतात.

१०. चूक निघाली तर, आणि लेख जुना झाला तर

दुरुस्ती लेखाच्या माथ्यावर टाका, तारखेसह, आणि आधी काय छापलं होतं तेही सांगा. नमुना असा: "या लेखात १०० ग्रॅम तांदळाची ऊर्जा १,४९१ कॅलरी अशी दिली होती. तो आकडा किलोज्यूलमधला आहे. कॅलरीत तो ३५६ होतो." गुपचूप आकडा बदलला तर ज्याने आधीचा वाचून पुढे पाठवला त्याच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही. वाचकाने चूक दाखवली असेल तर त्याचे आभार माना, त्याला पटकन उत्तर द्या.

प्रत्येक लेखाखाली "शेवटची तपासणी" म्हणून महिना आणि वर्ष लिहा. शिफारशी बदलतात. स्त्रियांसाठी लोहाची शिफारस २०१० मध्ये २१ मिलिग्रॅम होती, २०२० मध्ये २९ झाली. जुने लेख अजून २१ च सांगतात. आयसीएमआरची आहार मार्गदर्शक तत्त्वं मे २०२४ मध्ये नव्याने आली, एकूण १७. त्याआधीच्या कुठल्याही लेखाला "ताज्या शिफारशींनुसार" हे शब्द आता शोभत नाहीत. उन्हाळ्याचे लेख फेब्रुवारीत तपासायला काढा, संत्र्यांचे मृग बहाराची फळं कळमन्याच्या बाजारात यायच्या आधी. उपवासाचे लेख आषाढीपूर्वी एकदा आणि नवरात्रापूर्वी एकदा मधुमेहाच्या डॉक्टरांना वाचून दाखवा, कारण दरम्यान नवी औषधं बाजारात आलेली असतात आणि मात्रेबद्दलचं जुनं वाक्य तसंच राहिलेलं असतं.